दातांनी तोडावयाचे काडतूस

रविवारी लाल किल्ल्याखालून जाता जाता आम्हांस ११ मे १८५७ रोजी येथे थडकलेले मेरठचे स्वार आठवतात. त्यांचे भांडण काडतुसाशी होते. एन्फील्डचे चरबी लावलेले कागदी काडतूस दातांनी तोडून दारू नळीच्या तोंडातून भरावयाची, हा त्या काळचा शिरस्ता.

अवघ्या नऊ वर्षांनी, १८६६ साली, स्नायडर नामक अमेरिकनाच्या युक्तीने इंग्रजांनी तीच नळी मागे कापून तीत बिजागरीचा ठोकळा बसविला. नव्या बॉक्सर काडतुसाची टोपी बुडाच्या मध्यभागी असे. जुनाच घोडा ठोकळ्यातील तिरप्या खिळीवर आपटे, खिळी टोपीवर. दात लावण्याचे कारणच उरले नाही! देशी पलटणींच्या हाती मात्र ही बंदूक आली, ती गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री मिळाल्यावर, त्यांची उतरलेली.