दुसऱ्या इंजिनाची कुळकथा

पॉवरबोटीच्या मागच्या फळीवर शेजारी शेजारी लावलेली दोन इंजिनं पाहिली की पहिल्यांदा वेग आठवतो. पण या जोडीचा जन्म वळण्याच्या गरजेतून आणि भर समुद्रात बंद पडण्याच्या धास्तीतून झाला. वेग पुष्कळ नंतर आला.

१८६२ साली टेम्स नदीकाठच्या डजन बंधूंनी ‘फ्लोरा’ ही आगबोट बांधली. तिला दोन पंखे होते आणि प्रत्येक पंख्याला स्वतःचं इंजिन. तेव्हा अमेरिकेत यादवी पेटली होती, उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरं रोखून धरली होती. ही नाकेबंदी चुकवून आत शिरणाऱ्या बोटीला अरुंद पाण्यात झटकन तोंड फिरवता आलं पाहिजे. एक पंखा पुढे आणि दुसरा मागे फिरवला की सुकाणू न हलवताही बोट जवळजवळ जागच्या जागी वळते.

धास्तीचा भाग अटलांटिकवर दिसतो. इंजिनाचा दांडा मोडला तर निदान शिडांवर किनारा गाठू, म्हणून मोठमोठ्या आगबोटी कितीतरी वर्षं शिडं बाळगून होत्या. १८८८ मध्ये दोन पंख्यांची ‘सिटी ऑफ न्यूयॉर्क’ आली आणि शिडांची निकड संपली. मात्र तिच्याच जोडीच्या ‘सिटी ऑफ पॅरिस’वर १८९० साली उजव्या बाजूचा दांडा मोडला. भार सुटलेलं इंजिन बेफाम फिरलं, त्याच्या ठिकऱ्या उडाल्या. तुकड्यांनी मधली भिंत फोडली आणि दोन्ही इंजिनघरांत पाणी भरलं. मला तरी या सगळ्या कुळकथेतला हाच प्रसंग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दोन इंजिनं दोन राहायची असतील तर त्यांच्यामध्ये सामाईक असं कमीत कमी असावं लागतं. आजच्या छोट्या बोटीत ती भिंत म्हणजे वेगळी इंधनगाळणी, वेगळी नळी, वेगळी बॅटरी. एकाच गाळणीतून पाणी मिसळलेलं पेट्रोल गेलं तर दोन्ही इंजिनं पाठोपाठ बंद पडतात.

वेगाचं पर्व गाजवलं ते गार वूड या अमेरिकनाने. पहिल्या महायुद्धासाठी विमानांकरता बनलेली बारा सिलिंडरची लिबर्टी इंजिनं त्याने ‘मिस अमेरिका’त दोन बसवली आणि १९२० साली इंग्लंडमध्ये जाऊन हार्म्सवर्थ करंडक जिंकला.

बाहेर टांगायच्या इंजिनाची वाट निराळी होती. ओल एव्हिनरूडने १९०९ मध्ये विस्कॉन्सिनात विकायला काढलेलं आउटबोर्ड जेमतेम दीड अश्वशक्तीचं होतं. अशा इंजिनांवर महासागर ओलांडण्याइतका भरवसा बसायला अर्धं शतक गेलं. १९५८ साली ओले बोटवेड आणि जिम विन यांनी जोड आउटबोर्डच्या छोट्या बोटीने कोपनहेगनहून न्यूयॉर्क गाठलं. १९६० च्या मायामी-नासाऊ शर्यतीत ‘मॉपी’ ही बोट जिंकली. रे हंटने आखलेल्या तिच्या खोल ‘व्ही’ तळाने उसळता समुद्र कापला. दोन इंजिनांची ताकद लाटांतही वापरता येईल असा तळ त्यामुळे सर्वांसमोर आला.

पण याच तळाने फिटरचं काम वाढवलं. एकटं इंजिन बरोबर मधोमध, तळाच्या सर्वांत खोल रेषेवर बसतं. दोन बसवायची तर एकमेकांपासून साधारण २६ इंच किंवा जास्त दूर, आणि तिथे तळ वर चढलेला असतो. म्हणून दोन्ही इंजिनं त्या बेताने वर उचलून लावावी लागतात, नाहीतर त्यांचे पाय नको तितके खोल बुडून पाणी ओढत राहतात. पंखे एकमेकांच्या उलट फिरणारे लागतात, म्हणजे एकाची बाजूला ओढ दुसरा खोडून काढतो. त्यासाठी इंजिन उलटं फिरवत नाहीत, खालच्या पेटीतली गिअरची मांडणी बदलतात. फळीतल्या बोल्टांच्या भोकांत सीलंट कमी पडलं तर पाणी आतल्या प्लायवूडमध्ये शिरतं आणि फळी आतून कुजते.

दोन इंजिनं एका दांड्याने जोडलेली असतात, म्हणजे सुकाणू फिरवलं की दोन्ही एकदम वळतात. दांड्याच्या टोकांना आटे असतात, ते फिरवून दोन्ही पाय समांतर आणायचे. किंचित तिरपे राहिले तरी वळणावर एखादा पंखा हवा गिळतो. मग दोन्ही लिव्हर सारखे पुढे करून कान द्यायचा. फेऱ्यांमध्ये थोडा फरक असला की आवाज चढतो-उतरतो, घुमत राहतो. थ्रॉटलच्या केबलचं टोक जरा जरा फिरवत जावं, घुमणं लांबत लांबत विरून जातं आणि एकच संथ आवाज उरतो. हे काम मीटरपेक्षा कानाने चांगलं होतं.

आता जॉयस्टिकने चालणाऱ्या बोटींमध्ये इंजिनं जोडणारा तो दांडा काढून टाकला आहे. संगणक प्रत्येक इंजिन वेगळ्या कोनात वळवतो, एकाला पुढे, एकाला मागे चालवतो आणि बोट धक्क्याकडे सरळ आडवी सरकते.