बेनिदोर्मची वाळू, गुआदालेस्तचे पाणी : स्पेनच्या मारिना बाइशा प्रदेशाची ओळख

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर, आलिकांते शहरापासून ईशान्येला सुमारे तीस किलोमीटर गेले की मारिना बाइशा हा प्रदेश सुरू होतो. स्पॅनिशमध्ये त्याला मारिना बाखा म्हणतात आणि व्हॅलेन्सियन भाषेत मारिना बाइशा. अर्थ दोन्हीकडे एकच, खालची किनारपट्टी. अठरा नगरपालिकांचा हा 'कोमार्का' आपल्याकडील तालुक्यासारखा आहे. क्षेत्रफळ सहाशे चौरस किलोमीटरांहून कमी, पण तेवढ्यातच समुद्रसपाटीपासून 1,558 मीटर उंचीच्या आयताना शिखरापर्यंतचा चढ सामावलेला आहे. किनाऱ्यावर वर्षाला तीनशे ते चारशे मिलिमीटर पाऊस पडतो. आयतानाच्या कुशीतल्या गावांत त्याच्या जवळजवळ दुप्पट. या प्रदेशाचा सारा इतिहास आणि आजचे अर्थकारण या एका फरकावर उभे आहे. पर्यटक खाली उतरतात, पाणी वरून येते.

येथे येणारे बहुतेक प्रवासी कोस्ता ब्लांका या जाहिरातीतल्या नावाने हा किनारा ओळखतात आणि बेनिदोर्मच्या पलीकडे जात नाहीत. ज्यांच्या हाताशी चार-पाच दिवस आहेत त्यांनी निम्मे दिवस डोंगरातल्या गावांसाठी राखून ठेवावेत. किनारा समजून घेण्यासाठीही ते आवश्यक आहे.

बेनिदोर्म

बेनिदोर्मची अधिकृत स्थापना 1325 सालची. बेर्नात दे सारिया या सरदाराने वसाहतीची सनद दिली आणि समुद्रात शिरलेल्या एका खडकाळ टोकावर गढी उभी राहिली. मात्र चाचांच्या धाडी आणि पाण्याचा तुटवडा यांमुळे गाव कित्येकदा ओस पडले. त्याला दुसरा जन्म मिळाला तो 1666 मध्ये. जहागिरीची मालकीण बेआत्रिस फाहार्दो दे मेन्दोसा हिने नवी सनद दिली आणि तिच्याबरोबरच पोलोपच्या बाजूने डोंगराचे पाणी खाली आणणारा पाट बांधवला. पाणी आले तेव्हा माणसे टिकली. आज गगनचुंबी इमारतींच्या गर्दीत हा पाट कोणाच्या ध्यानात येत नाही, पण बेनिदोर्मचे अस्तित्व साडेतीनशे वर्षांपासून त्याच्यावर अवलंबून राहिले आहे.

पुढची तीन शतके बेनिदोर्म हे दर्यावर्दींचे गाव होते. ट्यूना मासे अडवण्यासाठी समुद्रात जाळ्यांचे चक्रव्यूह मांडले जात. त्यांना 'आल्माद्राबा' म्हणतात. ते मांडणारे बेनिदोर्मचे नाखवे भूमध्य समुद्रात दूरदूरवर नावाजलेले होते. हा व्यवसाय ओसरू लागला तेव्हा, 1950च्या दशकात, पेद्रो सारागोसा हे महापौर झाले. 1956 मध्ये त्यांनी शहराचा विकास आराखडा मंजूर करून घेतला. रुंद रस्ते, इमारतींभोवती मोकळी जागा आणि पुढे 1963च्या दुरुस्तीनंतर उंचीवरची मर्यादा दूर, असे त्याचे स्वरूप होते. फ्रँकोच्या कर्मठ राजवटीत त्यांनी किनाऱ्यावर बिकिनीला परवानगी दिली. चर्चकडून बहिष्काराची धमकी आली तेव्हा ते व्हेस्पा स्कूटरवरून माद्रिदला जाऊन थेट फ्रँकोला भेटले, असे सांगितले जाते. ही कथा सांगताना प्रत्येक जण तिला थोडे मीठमसाला लावतो. परंतु बिकिनी राहिली हे खरे. 1967 मध्ये आलिकांतेचा विमानतळ सुरू झाला आणि ब्रिटिश, डच, बेल्जियन पर्यटकांची रीघ लागली.

बेनिदोर्मची थट्टा करणे सोपे आहे. इंग्रजी पब, तळलेल्या न्याहाऱ्या, मध्यरात्रीचा गोंगाट हे सारे लेवान्ते किनाऱ्यामागच्या काही गल्ल्यांत आहे आणि ज्यांना ते नको त्यांनी तिकडे फिरकू नये. पण दोन किलोमीटरचा लेवान्ते आणि त्याहून लांब पोनियेन्ते हे दोन्ही किनारे मऊ वाळूचे, स्वच्छ आणि सर्वांना खुले आहेत. पोनियेन्तेवरचा लाटांसारखा वळत जाणारा रंगीत पदपथ 2009 मध्ये पूर्ण झाला. कार्लोस फेरातेर आणि शावी मार्ती गाली या वास्तुरचनाकारांची ती कृती आहे. 186 मीटर उंचीचे ग्रान होतेल बाली 2002 मध्ये उघडले तेव्हा ती स्पेनमधील सर्वांत उंच इमारत होती. दोन पायांवर उभी असलेली इन्तेम्पो ही जोडइमारत 2008च्या आर्थिक मंदीत कित्येक वर्षे अर्धवट लटकली आणि 2021 मध्ये खुली झाली. हिवाळ्यातही शहर जागे असते. 1985 पासून स्पॅनिश सरकार निवृत्त नागरिकांसाठी सवलतीच्या सहली चालवते आणि त्यांच्या आवडीच्या ठिकाणांत बेनिदोर्म आघाडीवर आहे. डिसेंबरच्या उन्हात पदपथावर गटागटाने फिरणारे आजी-आजोबा हे शहराचे खरे दृश्य आहे.

या उंच इमारतींविषयी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. आलिकांते विद्यापीठातील भूगोलाच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की दाट वस्तीच्या हॉटेलांत माणशी लागणारे पाणी, बागा आणि खाजगी जलतरण तलाव असलेल्या विखुरलेल्या बंगल्यांपेक्षा बरेच कमी असते. आसपासच्या टेकड्यांवर पसरलेल्या पांढऱ्या बंगल्यांच्या वसाहती डोळ्यांना सुखावतात. तहान मात्र त्यांचीच मोठी आहे.

बाकीचा किनारा

पश्चिमेकडील ला विला जोयोसा, स्पॅनिशमध्ये बियाखोयोसा, हे कोमार्काचे पारंपरिक मुख्य ठिकाण. समुद्राकाठच्या घरांना निळा, पिवळा, विटकरी असे ठळक रंग दिलेले आहेत आणि आमादोरियो नदीच्या कडेला काही घरे अधांतरी लटकल्यासारखी दिसतात. 1538 मध्ये उत्तर आफ्रिकेच्या चाचांनी येथे हल्ला केला होता. त्याची आठवण म्हणून जुलैच्या अखेरीस मूर आणि ख्रिस्ती सैन्यांचा उत्सव भरतो. त्यात पहाटे होड्यांतून 'मूर' सैन्य वाळूवर उतरते आणि खोटी लढाई जुंपते. चॉकलेट हा गावाचा जुना उद्योग. वालोर ही कंपनी 1881 पासून येथे आहे आणि कारखान्याशेजारी तिचे संग्रहालय आहे. गावातील विलाम्युझेउ या संग्रहालयात बोउ फेरेर या बुडालेल्या रोमन जहाजावरील मातीचे रांजण ठेवले आहेत. पहिल्या शतकातले हे जहाज माशांच्या आंबवलेल्या रसाने भरलेले रांजण घेऊन चालले होते.

पूर्वेकडील आल्तेयाची ओळख म्हणजे टेकडीवरच्या चर्चचे निळ्या कौलांचे घुमट. येथील किनारा गारगोट्यांचा आहे, त्यामुळे वाळूत लोळणाऱ्यांची गर्दी कमी. जुन्या गावातल्या चढणीच्या गल्ल्यांत चित्रकारांची दालने आहेत आणि मिगेल एर्नान्देस विद्यापीठाची ललित कला शाखाही याच गावी आहे. दोन्ही शहरांच्या मधे सेरा जेलादा ही डोंगररांग समुद्रात तीनशे मीटरांहून उंच कड्यांनी कोसळते. 2005 पासून ती संरक्षित निसर्ग उद्यान आहे. आल्बीरहून दीपस्तंभापर्यंत जाणारी डांबरी पायवाट सोपी, लहान मुलांना आणि वयस्करांनाही झेपणारी आहे.

डोंगरातली गावे

गुआदालेस्त हे या प्रदेशातले सर्वांत प्रसिद्ध डोंगरी गाव, लोकवस्ती जेमतेम दोन-अडीचशे. कातळात खोदलेल्या बोगद्यातून गावात शिरावे लागते आणि घंटेचा मनोरा एका सुळक्यावर एकटाच उभा आहे. 1644 च्या भूकंपाने किल्ल्याचे मोठे नुकसान झाले आणि 1708 मध्ये, स्पॅनिश वारसायुद्धात, सुरुंगाच्या स्फोटाने उरलेला भाग ढासळला. दुपारी बेनिदोर्महून बसगाड्या भरून पर्यटक येतात आणि गल्ल्यांत चालणे कठीण होते. सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी जावे. किल्ल्यावरून खाली पाहिले की हिरवट-निळे पाणी दिसते. तो केवळ छायाचित्राचा विषय नाही. सुमारे 1 कोटी 30 लाख घनमीटर क्षमतेचे हे धरण आणि ला विला जोयोसाच्या वरचे आमादोरियो धरण यांवरच किनाऱ्याची तहान भागते.

ती भागत नव्हती तेव्हा काय झाले हे 1978 मध्ये साऱ्या युरोपने पाहिले. दुष्काळाने धरणे आटली आणि ऐन हंगामात बेनिदोर्मला जहाजांतून पिण्याचे पाणी आणावे लागले. टँकरची सवय असलेल्या आपल्या वाचकांना त्यात नवल वाटणार नाही; परंतु पर्यटनावर जगणाऱ्या शहराला ते नामुष्कीचे होते. त्याच सुमारास, 1977 मध्ये, स्थापन झालेल्या मारिना बाखा जलसंघाने पुढे एक व्यवहार्य तोडगा अमलात आणला. नद्यांच्या पाण्यावर जुने हक्क शेतकऱ्यांचे. टंचाईच्या काळात त्यांनी आपले गोडे पाणी शहरांना द्यायचे आणि बदल्यात शहरांच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून तयार झालेले पाणी शेतीला घ्यायचे. उपशाचा आणि नळजोडणीचा भार संघाने उचलायचा. हा करार निर्धोक नाही, कारण प्रक्रिया केलेल्या पाण्यात क्षार जास्त असतात आणि फळझाडांना ते मानवत नाहीत. तरीही शहर आणि शेती यांनी एकमेकांचे पाणी पळवण्याऐवजी ते फिरवून वापरण्याची ही व्यवस्था स्पेनमध्ये आदर्श म्हणून दाखवली जाते आणि ते रास्तच आहे.

या व्यवस्थेची जुनी मुळे रेलेउ गावाजवळ दिसतात. तेथे अरुंद घळीत सतराव्या शतकातला दगडी कमानी बंधारा आहे, युरोपातील सर्वांत जुन्या अशा बंधाऱ्यांपैकी एक. तो बांधला गेला ला विला जोयोसाच्या मळ्यांसाठी. आता तो गाळाने भरला आहे. कड्याला अडकवलेल्या पादचारी मार्गावरून तो पाहता येतो. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी मात्र विचार करून जावे.

कायोसा द'एन सारिया हे लोकाटाचे गाव. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या वाचकांना हे फळ बाजारातून परिचयाचे असेल; स्पेनमध्ये त्याला 'निस्पेरो' म्हणतात. गारा आणि वारा यांपासून जपण्यासाठी सबंध बागा जाळीने झाकलेल्या असतात, त्यामुळे दुरून पाहता डोंगरउतार पांढुरक्या पडद्याखाली झाकल्यासारखा वाटतो. तोडणी एप्रिल-मेमध्ये असते. तीन किलोमीटरवरचे आल्गारचे झरे आणि धबधबे उन्हाळ्यात गजबजतात; प्रवेशशुल्क आहे आणि पाणी ऑगस्टमध्येही थंडगार. पोलोपच्या चौकात दोनशेवर तोट्यांचे कारंजे आहे. कादंबरीकार गाब्रिएल मिरो उन्हाळ्यात या गावी राहत असे आणि 1928 सालच्या त्याच्या 'आन्योस इ लेग्वास' या पुस्तकात हाच परिसर आहे.

तार्बेनाची गोष्ट वेगळी. 1609 मध्ये स्पेनच्या राजाने मोरिस्को, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांच्या वंशजांना देशाबाहेर घालवले. ही डोंगरी गावे त्यांचीच होती. दऱ्यांच्या उतारावर दगडी ताली रचून केलेली टप्प्याटप्प्यांची शेती हे त्यांच्या काळाचे काम. रिकाम्या झालेल्या तार्बेनात मायोर्का बेटावरून कुटुंबे आणून वसवली गेली. चार शतके उलटली, समुद्र मधे आला, तरी गावकऱ्यांच्या बोलीत मायोर्काची खूण असलेले 'सा' हे उपपद टिकून आहे आणि डुकराच्या मांसाचे मायोर्की पद्धतीचे मिरचीदार सॉसेजही. घर सोडून दूर वसलेल्या समाजांच्या भाषेची चिवट वाट बेळगाव-बडोद्याच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. आज या गावांची अडचण निराळी आहे. तरुण किनाऱ्यावरच्या हॉटेलांत कामाला जातात, ताली ढासळत आहेत आणि ताली ढासळल्या की पावसाचे पाणी जमिनीत मुरण्याऐवजी गाळ घेऊन धरणाकडे धावते.

जाण्याची सोय

माद्रिदहून आलिकांतेपर्यंत 2013 पासून अतिवेगवान रेल्वे आहे. आलिकांतेच्या लुसेरोस स्थानकातून ट्रॅमचा मार्ग क्रमांक 1 ला विला जोयोसामार्गे बेनिदोर्मला सुमारे सव्वा तासात पोहोचतो. तेथून मार्ग क्रमांक 9 आल्तेयाहून पुढे देनियापर्यंत जातो. समुद्राच्या बाजूची खिडकी मिळाली तर हा प्रवासच एक सहल ठरतो. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्या गोमंतकीयांना अर्थातच नाही. जुलै-ऑगस्ट टाळावेत. बदाम फुलतो तो जानेवारीच्या अखेरीस आणि फेब्रुवारीत. डोंगरासाठी तो काळ आणि समुद्रस्नानासाठी जून किंवा सप्टेंबर उत्तम.

शाकाहारी प्रवाशांनी डोंगरातल्या खाणावळींत आधी विचारून घ्यावे. गव्हाची 'ओयेता' दिसायला खिचडीसारखी असली तरी तिच्यात बहुधा डुकराचे मांस असते. भाजलेली ढोबळी मिरची आणि वांगी यांचे 'एस्पेन्कात' आपल्या भरताच्या जवळचे. त्यावरचा खारवलेला मासा वगळून मागता येतो. फलक दोन भाषांत असतात आणि नावे बदलतात, तेव्हा नकाशात दोन्ही रूपे पाहून ठेवणे बरे.

गुआदालेस्तला बेनिदोर्महून बस आहे, पण फेऱ्या मोजक्या. तार्बेना, सेया, कोन्फ्रिदेस यांसाठी स्वतःची गाडी हवी. तार्बेनाहून उत्तरेला कोल दे रातेस या घाटातून उतरणाऱ्या रस्त्यावर हिवाळ्यात व्यावसायिक सायकलपटूंचे संघ सराव करतात. वळणांवर गाडी हळू ठेवावी.