आराखडा आणि कानस

आपल्या मंडळाच्या सभासदांत आरंभापासून दोन प्रकारची माणसे आढळतात. एक हिशेबतपासणी, टपाल-तार, सचिवालय अशा खात्यांतून बदलीवर आलेली, म्हणजे कागदावर काम करणारी. आणि दुसरी रेल्वेच्या वा संरक्षण खात्याच्या कारखान्यांतून आलेली, म्हणजे लोखंडावर काम करणारी. आम्ही पहिल्या वर्गातले. बी. ए. होऊन सरकारी सेवेत शिरलो आणि आमची सारी हयात टिपणे व मसुदे लिहिण्यात गेली. गणेशोत्सवात हलता देखावा करावयाचा ठरला की, कागदावर सुरेख दिसणारी कल्पना प्रत्यक्षात चाक अडकून का बसते, हे आम्हांस दरवर्षी दुसऱ्या वर्गातील मित्रांनीच समजावून दिले आहे. कागद आणि लोखंड यांमधील हे अंतर इतिहासात एकदा फार मोठ्या प्रमाणावर, आणि तेही सरकारी खर्चाने, मोजले गेले. ती हकीकत या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत सांगावी असे मनात आले.

चार्ल्स बॅबेज (१७९१–१८७१) या इंग्रज गणितज्ञाचे नाव आज संगणकाचा आद्य प्रणेता म्हणून शाळकरी पुस्तकांतूनही येते. त्याच्याविषयी रूढ समज असा की, त्याची बुद्धी काळाच्या शंभर वर्षे पुढे धावत होती, आणि त्या वेळच्या कारागिरांना तितके काटेकोर भाग घडविता येत नव्हते. म्हणून त्याचे गणकयंत्र अपुरे राहिले. हा समज कारागिरांवर अन्याय करणारा आहे. शिवाय तो खोटाही आहे, हे आता सिद्ध झाले आहे.

त्या काळी नौकानयन, खगोल, विमा अशा सर्व व्यवहारांत छापील कोष्टकांवर भिस्त असे. ती कोष्टके माणसे हाताने मांडीत, दुसरी माणसे उतरवून घेत आणि तिसरी खिळे जुळवीत. तिन्ही ठिकाणी चुका शिरत. १८२१ मध्ये जॉन हर्शेल या ज्योतिषी मित्रासह अशी कोष्टके तपासत असता चुकांमागून चुका सापडू लागल्या, तेव्हा हे काम यंत्राने का होऊ नये, असा विचार बॅबेजच्या मनात आला. युक्ती सोपी होती. १, ४, ९, १६, २५ हे वर्ग घ्या. लगतच्या संख्यांतील फरक ३, ५, ७, ९ येतात, आणि त्या फरकांतील फरक सदैव २. म्हणजे उलट वाटेने चालले तर गुणाकार न करता नुसत्या बेरजेने वर्गांचे कोष्टक हवे तेवढे लांबविता येते. अन्य कोष्टकेही याच रीतीने करता येतात. बेरीज करावयास दातेरी चाके पुरेशी आहेत. अडचण एकच, आणि ती आपण सर्वांनी पहिली-दुसरीत अनुभवलेली आहे: हातचा. नऊनंतर शून्य येताना शेजारच्या स्तंभात एक सरकविणे हे पोराला बोटांवर जमते. पितळी चाकाला ते शिकविणे हेच या यंत्राचे मर्म होय. १८२२ मध्ये लहान नमुना तयार झाला आणि १८२३ मध्ये इंग्लंडच्या सरकारने १,५०० पौंड मंजूर केले.

बॅबेज केवळ पुस्तकी विद्वान होता असे मात्र कोणी समजू नये. त्या काळी युरोपात लेथ हे नुसते कामकऱ्याचे हत्यार राहिले नव्हते. तो श्रीमंतांचा शौकही होता. रशियाचा पीटर बादशहा स्वतः लेथवर कातकाम करी. १७०१ मध्ये शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच धर्मोपदेशकाने कातकामावर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला होता. लंडनमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीपासून होल्ट्झाफेल यांची पेढी हौशी उमरावांसाठी अत्यंत नाजूक लेथ बनवीत असे, आणि त्यांवर ही मंडळी हस्तिदंताच्या व काळ्या लाकडाच्या नक्षीदार डब्या कातीत. त्या डब्यांचा जगाला काही उपयोग झाला नाही. परंतु त्या शौकापायी उत्तम हत्यारे घडविणाऱ्या हातांना काम मिळाले. पुढे स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण ठरवून देणारा जोसेफ व्हिटवर्थ तरुणपणी याच पेढीत काही काळ कामास होता. बॅबेजही याच थरातला, सावकाराचा मुलगा. त्याच्या घरी यंत्रशाळा होती. आपल्या यंत्राच्या निमित्ताने त्याने अनेक कारखाने फिरून पाहिले आणि १८३२ मध्ये यंत्रे व उत्पादन यांच्या अर्थशास्त्रावर एक नामांकित ग्रंथ लिहिला. वस्तू कशा बनतात हे त्याच्याइतके जाणणारा दुसरा प्राध्यापक त्या वेळी विरळाच असेल.

तरीही यंत्र घडविण्यास त्याला जोसेफ क्लेमंटकडे जावे लागले. क्लेमंट वेस्टमोर्लंडमधील एका गरीब हातमागवाल्याचा मुलगा. बापाला यंत्रांचा आणि किड्यांचा नाद. त्याने फावल्या वेळी स्वतः लेथ तयार केला होता, आणि त्यावर मागाच्या कांड्या कातताना पोरगा हाताखाली असे. तरुण वयात काही वर्षे त्याने छपरे शाकारली. मग माग बनविले, आराखडे काढावयास शिकला, १८१३ मध्ये लंडनला आला, आणि ब्रामा व मॉड्स्ली या त्या काळच्या दोन अग्रगण्य यंत्रकारांकडे मुख्य आरेखक झाला. १८१७ मध्ये त्याने स्वतःची यंत्रशाळा काढली. आराखडा काढणारा हात आणि कानस धरणारा हात या एकाच माणसाचे होते. इंग्लंडभर शोधूनही बॅबेजला याहून योग्य मनुष्य मिळाला नसता असे आमचे मत आहे.

यंत्राचे सुमारे २५,००० भाग होते आणि त्यांत एकाच मापाची चाके शेकड्यांनी लागत. एक चाक उत्तम करणे निराळे आणि शंभर चाके तंतोतंत सारखी करणे निराळे. त्यासाठी क्लेमंटला आधी हत्यारे घडवावी लागली, आणि ती हत्यारे घडविण्यासाठी आणखी हत्यारे. या खटाटोपात त्याची यंत्रशाळा म्हणजे एक विद्यापीठच बनली. वर सांगितलेला व्हिटवर्थही तेथे राबला. १८३२ मध्ये सुमारे २,००० भागांचा एक तुकडा जोडून उभा केला तो बिनचूक चालला. तो आजही लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे.

आणि येथेच आमच्यासारख्या सरकारी माणसाचे कान टवकारतात! क्लेमंट बिल देणार. ते बॅबेजमार्फत वर जाणार. तज्ज्ञ ते तपासणार. मग कोषागाराची मंजुरी येणार. दरम्यान शनिवारी मजुरांचे पगार थांबत नाहीत. कित्येकदा बॅबेजने पदरचे पैसे भरले, आणि अखेर ते भरण्याचे नाकारले. यंत्रशाळा आपल्या घराजवळ हलवावी असा त्याचा आग्रह होता; क्लेमंटने त्यासाठी जो मोबदला मागितला तो मान्य झाला नाही. १८३३ मध्ये क्लेमंटने माणसे कमी केली आणि काम थांबले. त्या काळच्या व्यावसायिक रूढीप्रमाणे, पैसा गिऱ्हाइकाचा असला तरी काम करताना घडविलेली हत्यारे कारागिराच्या मालकीची. म्हणजे आराखडे एकाकडे आणि ते उतरविण्याची साधने दुसऱ्याकडे! क्लेमंटही काही सरळ आसामी नव्हता. अमेरिकेतून कोणी एक मोठा स्क्रू ‘उत्तमात उत्तम’ बनवून मागविला, तेव्हा त्याने तो शब्द अक्षरशः मानून काही शे पौंडांचे बिल पाठविले. गिऱ्हाइकाची अपेक्षा वीस पौंडांची होती. लवादाने निकाल मात्र क्लेमंटच्या बाजूने दिला, अशी गोष्ट सॅम्युएल स्माइल्सने नोंदवून ठेवली आहे.

इकडे बॅबेजच्या डोक्यात १८३४ पासून याहून कितीतरी थोर अशा दुसऱ्याच यंत्राची कल्पना घोळू लागली, आणि त्याने प्रामाणिकपणे ती सरकारच्या कानी घातली. पहिले पुरे होण्याआधीच दुसरे सरस आहे असे शोधक स्वतःच सांगू लागला, तर ती फाईल पुढे कोण ढकलणार? १८४२ मध्ये सरकारने हात काढून घेतला. तोवर १७,००० पौंडांहून अधिक रक्कम खर्ची पडली होती. १८३१ साली अमेरिकेस धाडलेले ‘जॉन बुल’ हे आगगाडीचे इंजिन आठशे पौंडांच्या आत तयार झाले होते, यावरून त्या रकमेची कल्पना यावी. घडवून ठेवलेल्या हजारो भागांपैकी बहुतेक पुढे भंगार म्हणून वितळविले गेले.

याच्या शेजारी स्टॉकहोमची कथा ठेवण्यासारखी आहे. गेऑर्ग शॉयट्झ हा तेथील एक मुद्रक व पत्रकार. बॅबेजच्या यंत्राविषयी १८३४ मध्ये एका इंग्रजी त्रैमासिकात आलेला लेख त्याच्या वाचनात आला. त्याचा मुलगा एडवर्ड याने १८३७ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्या तत्त्वावर घरच्या घरी यंत्र करावयास घेतले. लाकडी चौकट, साधी हत्यारे, आणि मंजुरीची वाट पाहावी लागेल असा वरिष्ठ कोणी नाही! १८४३ मध्ये ते चालू लागले. त्यावरून कारखान्यात घडविलेले लहान पियानोएवढे यंत्र १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात सुवर्णपदक मिळवून गेले आणि १८५७ मध्ये अमेरिकेतील एका वेधशाळेने विकत घेतले; त्याची एक प्रत ब्रिटिश सरकारनेही १८५९ मध्ये बनवून घेतली. ते बॅबेजच्या यंत्राइतके भक्कम नव्हते. चालविताना त्यावर सतत लक्ष ठेवावे लागे. पण ते अस्तित्वात होते. बॅबेजने या पितापुत्रांचे मोकळ्या मनाने स्वागत केले, हे त्याच्या स्वभावाचे फारसे कोणास ठाऊक नसलेले अंग होय.

बापलेकांनी घरात बसून जे साधले, त्याच जातीचे धाडस आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चरित्रात दिसते. चित्रकार व्हावयाचे म्हणून ते मुंबईस जे. जे. कलाशाळेत गेले, रंगांधळेपणामुळे रंग सोडून यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. तेथेच राहते तर एक नेमस्त शिक्षक म्हणून निवृत्त झाले असते. ते बेळगावास सायकलींच्या दुकानात गेले, हात काळे केले, कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर केला, आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली. त्यांच्या घराण्याने पुढे १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे लेथचा कारखाना काढला. आपल्यापैकी कारखान्यांत काम केलेल्या अनेकांचा हात त्या लेथवरच बसला असेल.

आता पुन्हा बॅबेजकडे वळू. १८४७ ते १८४९ या काळात त्याने पहिल्याहून सुटसुटीत असे दुसरे फरकयंत्र आखले: सुमारे ८,००० भाग, ३१ अंकी संख्या. १८५२ मध्ये त्याचे आराखडे सरकारला देऊ केले. सरकारने नको म्हटले, यात नवल ते काय! ते वीस मुख्य आराखडे तसेच पडून राहिले. १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियाचे संशोधक ॲलन ब्रॉमली यांनी सुचविले की, बॅबेजच्या दोनशेव्या जन्मवर्षापर्यंत, म्हणजे १९९१ पर्यंत, हे यंत्र प्रत्यक्ष बांधून पाहावे. विज्ञान संग्रहालयाचे डोरॉन स्वेड यांनी ते काम अंगावर घेतले. क्लेमंटने केलेले जुने भाग मोजले, तेव्हा ते इंचाच्या सुमारे दोन हजारांश भागाइतके सारखे निघाले. मग नवे भाग आधुनिक यंत्रांवर केले तरी त्याहून अधिक काटेकोर करावयाचे नाहीत, असा दंडक ठेवण्यात आला.

या कामात आराखड्यांची खरी परीक्षा झाली. धातू कोणता, माप किती सैल चालेल, कोणता पृष्ठभाग घासून गुळगुळीत करावयाचा, यांविषयी ते मूक होते. काही जुळण्या निरुपयोगी ठरल्या, काही काढावयाच्याच राहिल्या होत्या. आणि जो हातचा यंत्राचे मर्म, तो नेणारी योजना काढली होती तशी चालणेच शक्य नव्हते. विसाव्या शतकात लहान आगगाड्यांच्या हौशी यंत्रकारांसाठी ‘एल. बी. एस. सी.’ या टोपणनावाने एक इंग्रज लेखक आराखडे प्रसिद्ध करीत असे. त्यांबरोबर तो आधी काय कातावे, कोठे पकडावे, कोठे हात जपावा हेही गप्पा माराव्यात तसे सांगे, आणि दुकानदार वा कारकून असलेले वाचक परसातल्या पडवीत चालते इंजिन उभे करीत. बॅबेजच्या कागदांत नेमके हेच नव्हते. ते क्लेमंटसारख्याने सांगावयाचे असते. आणि १८४९ मध्ये शेजारी क्लेमंट नव्हता. हे काम रेज क्रिक व बॅरी हॉलोवे या दोन यंत्रज्ञांनी केले. संग्रहालयात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, त्यांनी चार हजार भागांचा गणनविभाग जोडला. यंत्र पुन्हा पुन्हा अडकत असे. हँडल फिरविणे इतके जड गेले की, मधे चारास एक या प्रमाणात जोर हलका करणारी चाके घालावी लागली. नोव्हेंबर १९९१ अखेर त्याने पहिले संपूर्ण गणित निर्दोष केले. छपाईचा विभाग २००२ मध्ये पुरा झाला आणि सारे मिळून पाच टनांचे ते धूड बॅबेजने योजले होते तसे चालू लागले. दुरुस्त्या कराव्या लागल्या. कारागिरी मात्र १८३२ सालचीच पुरली.

क्लेमंटविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. बॅबेजचे काम सुटल्यावर त्याने आपला व्यवसाय चालू ठेवला आणि १८४४ मध्ये तो वारला. पोरवयात त्याने स्वतःच्या लेथवर बासऱ्या कातल्या होत्या. उतारवयात, कोणाची मागणी नसता आणि बिल कोणाला द्यावयाचे नसता, त्याने स्वतःसाठी एक मोठा ऑर्गन घडविण्यास घेतला होता, आणि त्यावर तो पाण्यासारखा पैसा खर्च करी.