ओबो कंचेर्टो, डी मायनर (मार्चेल्लो)

व्हेनिसचा संगीतकार अलेस्सांद्रो मार्चेल्लो (१६७३–१७४७) याची एकल ओबो, तंतुवाद्ये आणि हार्प्सिकॉर्डसारख्या वाद्याची साथ यांसाठीची तीन भागांची रचना. बरोक काळातील ओबो कंचेर्टोंपैकी आज सर्वाधिक वाजवल्या जाणाऱ्यांत तिची गणना होते. पूर्ण रचना वाजवायला साधारण दहा-अकरा मिनिटे लागतात.

ओबो हे सनईप्रमाणे दुहेरी पत्तीचे वाद्य. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते फ्रेंच दरबारात घडले आणि तेथून इटलीत पोहोचले. त्या काळचा ओबो लाकडी असे. त्याला दोन-तीनच चाव्या असत आणि बाकीची छिद्रे बोटांनीच झाकावी लागत. व्हेनिसच्याच तोमाझो अल्बिनोनीचे ओबो कंचेर्टो १७१५ मध्ये ॲमस्टरडॅमला छापले गेले. मार्चेल्लोची रचनाही त्याच शहरात, अनेक संगीतकारांच्या कंचेर्टोंच्या संग्रहात, १७१७ च्या सुमारास प्रसिद्ध झाली.

मार्चेल्लो उमराव घराण्यातला होता. संगीतावर त्याचे पोट नव्हते. काव्य, चित्रकला आणि गणित यांतही त्याला गती होती. आपल्या काही रचना त्याने ‘एतेरिओ स्तिन्फालिको’ या टोपणनावाने छापल्या. धाकटा भाऊ बेनेदेत्तो संगीतकार म्हणून अधिक गाजला आणि या कंचेर्टोच्या कर्तृत्वाचा गोंधळ बराचसा त्यामुळेच झाला. सी मायनरमधील एका पाठामुळे ती बेनेदेत्तोची मानली जाई. त्याआधी ती व्हिवाल्डीच्या नावावरही खपली होती. छापील आवृत्तीवर मात्र अलेस्सांद्रोचे नाव असल्याने हा वाद आता मिटला आहे.

पहिला भाग ‘आंदांते ए स्पिक्कातो’ तंतुवाद्यांच्या एकाच सुरातल्या, ठाशीव फेकीने सुरू होतो आणि ओबो तिला लयदार वाक्यांनी उत्तर देतो. शेवटचा ‘प्रेस्तो’ तीनच्या मात्रेत धावणारा, नृत्यासारखा आहे. रचनेचा प्राण मधल्या ‘अदाज्यो’त आहे. तंतुवाद्ये एकाच संथ ठेक्यात स्वर वाजवत राहतात, त्यांचे थर एकावर एक चढत जातात आणि त्यांवर ओबोची दीर्घ, विसावत जाणारी सुरावट येते. मूळ छापील पानावर ही सुरावट जवळजवळ उघडीच आहे. तिच्यावर अलंकार चढवणे हे त्या काळी वादकाचेच काम समजले जाई.

हे अलंकार कसे असावेत, याचा एक समकालीन नमुना सुदैवाने उपलब्ध आहे. वायमार येथे दरबारी ऑर्गनवादक असताना योहान सेबास्टियन बाखने या कंचेर्टोचे एकट्या हार्प्सिकॉर्डसाठी रूपांतर केले (बाखच्या रचनासूचीत बीडब्ल्यूव्ही ९७४). ते छापील आवृत्तीच्या आधीचे असावे. म्हणजे रचना हस्तलिखित रूपात जर्मनीपर्यंत पोहोचली होती. बाखने अदाज्योची सुरावट बारीक वळणांनी भरून लिहून ठेवली आणि आजचे बहुतेक ओबोवादक तीच वळणे घेतात. त्यामुळे श्रोत्याच्या ओळखीची झालेली सुरावट निम्मी बाखची असते, हे सहसा लक्षात येत नाही.

एन्रिको मारिया सालेर्नो याच्या ‘अनोनिमो व्हेनेत्सियानो’ (१९७०) या इटालियन चित्रपटात हाच अदाज्यो वापरला गेला आणि शास्त्रीय संगीताबाहेरच्या श्रोत्यांपर्यंतही तो पोहोचला.