ताट वाजवलं, पोरगं वळलं, म्हणून काय झालं?

मावसबहिणीचा मुलगा दीड वर्षाचा झाला तरी हाकेला ओ देत नव्हता. "बापही उशिराच बोलला होता," असं म्हणून घरच्यांनी विषय बाजूला ठेवला. आजीने पाठीमागे जाऊन ताट वाजवलं. पोरगं वळलं. झालं, कान ठणठणीत!

आपल्याकडे घरोघरी हीच परीक्षा. पण मोठा आवाज ऐकू येणाऱ्या मुलालाही बोलणं नीट ऐकू येत नसेल. शिवाय सावली दिसली, जमीन हादरली, तरी मूल वळतं.

ही खोट ओळखून मँचेस्टरच्या युइंग दांपत्याने १९४४ साली नीट पद्धत मांडली. एकाने समोर बसून बाळाचं लक्ष गुंतवायचं, दुसऱ्याने मागे, नजरेआड राहून हळू आवाज करायचे. १९४७ मध्ये लंडनच्या डिक्स आणि हॉलपाइक यांनी चित्रांची पेटी बनवली. आवाज ऐकून मुलाने बटण दाबलं की आत दिवा लागून चित्र दिसायचं. तपासणीचा खेळ झाला. १९७१ मध्ये जुएट आणि विलिस्टन यांनी आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद डोक्यावरून टिपून दाखवला. १९७८ मध्ये डेव्हिड केम्प यांना कळलं की निरोगी कान स्वतःही बारीक आवाज परत पाठवतो. आता एका दिवसाच्या बाळाचेही कान तपासता येतात.

आपल्याकडे मुंबईत, माझगावला मूकबधिरांची शाळा १८८५ पासून. वांद्र्याची राष्ट्रीय संस्था १९८३ ची. मुलांच्या आरोग्य तपासणीची राष्ट्रीय योजना २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाली, जन्मजात बहिरेपण तिच्या यादीत आहे.

आणि आम्ही? तारीख मिळाली कोल्हापूरची. पहाटेची एसटी धरली. आंबा घाटात पोरगं गाढ झोपलं आणि कोल्हापुरात ताजंतवानं उतरलं. आत गेल्यावर कळलं, तपासणीला झोपलेलं मूल हवं. डोक्याला खोबरेल चोपडलेलं, त्यावर तारा चिकटेनात. परत पाठवलं. पुढची तारीख दोन महिन्यांनी.

दुसऱ्या वेळी रात्री उशिरा निजवलं, लवकर उठवलं, गाडीत गाणी म्हणत जागं ठेवलं, तेल लावलं नाही. तिथे पोचल्यावर दूध पाजलं. अर्ध्या तासात झोपला. दोन्ही कानांना कमी ऐकू येतं, हे त्या दिवशी कळलं. आता यंत्र आहे. बोलणं शिकायच्या वयातले ते दोन महिने मात्र गेले.

मूल तीनेक वर्षांचं असेल तर घरीच खेळ शिकवा: आवाज आला की डब्यात एक ठोकळा टाकायचा. सर्दी किंवा कान फुटला असेल तर आधी कळवा.

सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांनी मुलासाठी तपासणीच बदलली. आपल्याला तारखेच्या कागदामागे मराठीत चार ओळी छापता येणार नाहीत का?