ओट्यावरील कपाटाखालची वीजजोडणी

स्वयंपाकघरात ओट्यावरील कपाटांच्या तळाशी दिवे व सॉकेट दर्शनी न येतील असे बसविण्याच्या पद्धतीस कपाटाखालची वीजजोडणी म्हणतात. छतावरचा दिवा पाठीमागे असल्यास काम करणाऱ्याची सावली नेमकी चिरण्याच्या फळीवर पडते; ही अडचण कपाटाच्या पुढील कडेजवळ लावलेल्या एलईडी पट्टीने दूर होते. पट्टी बहुधा १२ किंवा २४ व्होल्टची असते. त्यासाठी भारतातील २३० व्होल्टचा घरगुती पुरवठा ड्रायव्हरद्वारे उतरवून एकदिश केला जातो. ड्रायव्हर तापतो, तो प्लायवूडमागे कायमचा बंद करणे ही सर्रास आढळणारी चूक होय. मिक्सरचे सॉकेट अर्थिंगसह, शेगडी व नळापासून दूर असावे. ओल्या हातातून जमिनीकडे जाणारा घातक प्रवाहही एमसीबी खाली पाडण्यास अपुरा ठरतो, म्हणून या परिपथावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवितात.