'अगाधकूप' : एका शब्दाची पूर्वपीठिका

प्रकटीकरणाच्या पुस्तकातील 'अगाधकूप' हा शब्द कानी पडला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नरक उभा राहतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात बसत असल्यापासून आम्हीही तसेच समजत आलो होतो. मूळ ग्रीक शब्दाकडे वळल्यावर मात्र ध्यानी आले, की या शब्दाचे कूळ आगीचे नसून पाण्याचे आहे.

तो शब्द 'आबिस्सोस'. 'बिस्सोस' म्हणजे तळ आणि आरंभीचा स्वर नकारवाचक. आपल्या 'अगाध', 'अथांग' या शब्दांत असतो तसाच. ग्रीक आणि संस्कृत या एकाच भाषाकुळातल्या असल्यामुळे हे साम्य योगायोगाचे नाही. ग्रीकांच्या लेखी हे प्रथमतः साधे विशेषण होते. इ.स.पूर्व पाचव्या शतकातील इतिहासकार हेरोडोटस याने नाईल नदीच्या उगमाविषयी एक मौजेची हकीकत नोंदवली आहे. साईस येथील देवळाच्या एका लेखनिकाने त्याला सांगितले, की दोन डोंगरांच्या मधोमध नाईलचे झरे असून त्यांना तळच नाही. सामेतिकस राजाने हजारो वाव लांबीचा दोर वळवून आत सोडला, तरी तो तळाला टेकला नाही! हेरोडोटसचा यावर विश्वास बसला नाही. तेथे भोवरे असावेत व ते दोराला खाली जाऊ देत नसावेत, असा तर्क त्याने केला. पाण्याची खोली दोराने मापणाऱ्या आपल्या कोळी बांधवांना हा तर्क सहज पटेल.

या विशेषणाला धर्मग्रंथात नामाचे स्थान मिळाले ते इजिप्तमधील आलेक्झांड्रिया नगरीत. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात तेथील यहुदी पंडितांनी मोशेची पुस्तके ग्रीक भाषेत आणली. उत्पत्तीच्या आरंभी अंधाराने झाकलेल्या आदिजलाला हिब्रूत 'तेहोम' म्हटले आहे. त्यासाठी त्यांनी 'आबिस्सोस' हा शब्द योजला. बाबिलोनच्या सृष्टिकथेत तियामत नावाची सागररूपी देवता आहे. तिला ठार करून मार्दुक तिच्या देहापासून आकाश व पृथ्वी घडवतो. १८९५ साली हर्मान गुंकेल या जर्मन विद्वानाने तेहोमचे मूळ या तियामतमध्ये असल्याचे प्रतिपादन केले. पुढील भाषापंडितांनी मात्र ही दोन्ही नावे एकाच जुन्या सेमिटिक शब्दापासून स्वतंत्रपणे आल्याचे दाखवले. आम्हांस त्याहून महत्त्वाची वाटते ती दोन कथांतील तफावत. उत्पत्तीत युद्ध नाही. तेथील खोल पाणी कोणाचा शत्रू नाही, आणि देवाचा आत्मा त्यावर वावरतो आहे.

चौथ्या शतकाच्या अखेरीस लॅटिन भाषांतर करताना संत जेरोमने उत्पत्तीत 'आबिस्सुस' हाच शब्द ठेवला. प्रकटीकरणाच्या लॅटिन पाठातही तोच आहे. त्यामुळे लॅटिन वाचकाला पहिल्या पानावरचा शब्द शेवटच्या पुस्तकात पुन्हा भेटे. आपल्या प्रचलित मराठी भाषांतरात ही ओळख पुसली गेली. आरंभी पाणी, शेवटी कूप! वस्तुतः प्रकटीकरणाच्या नवव्या अध्यायात विहीर आणि आबिस्सोस हे दोन वेगळे शब्द आहेत; विहीर हे त्या खोलीचे केवळ तोंड. विसाव्या अध्यायात तर विहिरीचा उल्लेखही नाही. भाषांतरकारांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. एवढ्या व्यापक शब्दाला मराठीत जोड मिळणे कठीणच. 'पाताळ' म्हणावे, तर तेथे नगरे आहेत, राजे आहेत, म्हणजे जमीनही आलीच. 'अतल' म्हणावे, तर सप्तपाताळांत त्याचा क्रमांक पहिला, म्हणजे सर्वांत वरचा!

आणि ही खोली म्हणजे नरकही नव्हे. त्याच विसाव्या अध्यायात देवदूत सैतानाला साखळीने बांधून तेथे हजार वर्षे कोंडतो. अग्नीचे सरोवर त्यानंतर वेगळे येते. संत लूकच्या आठव्या अध्यायात भुते प्रभू येशूची विनवणी करतात ती याच ठिकाणी धाडू नये म्हणून. माणसांना भय घालण्यासाठी आपण जो शब्द वापरतो, त्याची धास्ती शुभवर्तमानात भुतांनी घेतली आहे. बरे, डुकरांत शिरून ती गेली कोठे? थेट सरोवराच्या पाण्यात.

माणसाच्या संदर्भात हा शब्द वेगळ्याच स्वरात येतो. एकाहत्तराव्या स्तोत्रातील वृद्ध भक्ताला भरवसा आहे, की देव त्याला पृथ्वीच्या खोलीतून पुन्हा वर आणील. तेथेही हिब्रूत तेहोम आणि ग्रीकमध्ये आबिस्सोस आहे. संत पौलाने रोमकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायात अनुवादाच्या पुस्तकातील एक वचन घेतले. मूळ वचनात समुद्रापलीकडे कोण जाईल असा प्रश्न आहे. पौलाने समुद्राच्या जागी आबिस्सोस घातला, आणि ख्रिस्ताला मेलेल्यांतून वर आणण्याशी तो जोडला. प्रेषितांच्या विश्वासांगीकारात आपण प्रभू अधोलोकात उतरला असे म्हणतो, तेही याच खोलीविषयी आहे. पवित्र शनिवारच्या रात्री, पास्काची मेणबत्ती पेटवून झाल्यावर, आपल्या चर्चमध्ये जे पहिले वाचन होते ते उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचे असते, आणि त्याच्या दुसऱ्याच ओवीत हा शब्द आहे.